वाफेचं कुठं चांगलं मिळतं

“दत्ता, ती बोलतच न्हाय रं. खाल्लेलं कसं लागलं हे ज्या माणसाला सांगता येत न्हाय, त्याला मुंबईला न्यायचं म्हंजे वाफेचं वाया घालवणं.”

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, माझ्यासाठी नव्हतं. बोलणारे माझे सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. ऐकणारे आमचे हे. आणि मी मधल्या कुडाच्या पलीकडं बसून खव्याची कढई खरवडत होते. वैशाखात लग्न झालं होतं, आता आषाढ लागला होता. वाक्य लागलं, नाही असं नाही. पण त्यातून एक कळलं, की मला न्यायचं का असं यांनी विचारलं तरी होतं.

आमचं गाव भूमपासून जवळच. मोठा दुष्काळ सरल्यावर गावानं दूध सोसायटी काढली. चेअरमन आबा, सेक्रेटरी हे. दुधाचं फॅट काढायला, म्हणजे त्यात स्निग्ध किती ते मोजायला, गौतमराव, गावातले पहिले बी.एस्सी. आणि टेम्पोवर बब्रुवान, मूळचा येरमाळ्याचा, हायवेवर वाढलेला. सोसायटीचं ऑफिस म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. त्यामुळं संध्याकाळचं दूध घेऊन झालं की चौघं तिथं जे बोलत, ते कुडातून थेट माझ्या चुलीपाशी येई.

कधी दूध न्यायला टँकर यायचा नाही, मग त्या दुधाचा खवा करायचा आणि टेम्पोनं मुंबईच्या एका मिठाईवाल्याकडं पोचवायचा. पहाटे खवा उतरला की संध्याकाळपर्यंत चौघं मोकळे. मोकळ्या वेळात माणसं समुद्र बघतात, राणीची बाग बघतात. ही चौघं एकच गोष्ट शोधत हिंडत. मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून, बांबूच्या झाकणाच्या दुरडीत वाफवलेलं चिनी खाणं. पाटीवर त्याला डिमसम लिहिलेलं असतं म्हणे. आमच्या गावात त्याचं नाव पडलं ‘वाफेचं’.

दूध आटताना कढईच्या कडेला जशी साय धरत जाते, तसे या वाफेच्याचे किस्से आमच्या घरात धरत गेले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. मी फक्त खरवडले.

आणि मला जायचं होतं. लग्नानंतर आम्ही दोघं जोडीनं गेलो ते एकदाच, येडेश्वरीच्या दर्शनाला, एसटीत, मध्ये आत्याबाई बसलेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पण खरं सांगते, मुंबई दिसली नसती तरी चाललं असतं. मला ते वाफेचं खायचं होतं.

* * *

पहिल्यांदा ते सापडलं ते आबांच्या एका नियमामुळं.

सोसायटीत कुणी दूध घेऊन आलं की आबा दुधाकडं बघत नाहीत. दूध ओतून घेतात आणि कॅन उलटा करून तळाला बोट फिरवतात. “दूध म्हस देती. कॅन माणूस धुतो. म्हशीवर माझा इस्वास हाय.”

हॉटेलालाही तोच नियम. पुढच्या दारानं शिरायचं नाही. आधी मागच्या गल्लीत जायचं, भांडी कशी धुतात ते बघायचं. त्या दिवशी गोदीच्या बाजूला हिंडून हिंडून चौघांच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि आबा एकामागून एक हॉटेलं मागच्या मागं नापास करत होते.

एका हॉटेलामागं एक म्हातारा चिनी माणूस कढत पाण्यानं दुरड्या धूत बसला होता. धुऊन झालेली एकेक उन्हाला लावत होता. आबांनी एक दुरडी उचलली, उलटी केली, वास घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाले, “पास.”

म्हातारा चटकन उठून आत गेला. स्वच्छ सदरा घालून आला. बायकोला बोलावलं, मुलाला बोलावलं, चौघांना पंख्याखालचं टेबल पुसून दिलं आणि दुरडीमागून दुरडी समोर ठेवायला लागला. चौघांना वाटलं, मुंबईची माणसं किती अगत्याची, आणि आपण उगीच नावं ठेवतो.

जेवण झाल्यावर म्हातारा हात जोडून उभा राहिला. “साहब, रिपोर्ट अच्छा लिखना.”

म्हणजे त्यानं चौघांना तपासणीला आलेले साहेब समजलं होतं. आमचे हे खुर्चीतून अर्धे उठले. आबा मात्र शांत. म्हणाले, “रिपोर्ट एकदम अच्छा. लेकिन पैसा लेना पडेगा. नहीं लिया तो रिपोर्ट खराब.”

परतीच्या वाटेवर सगळे खुशीत होते, पोट भरल्यामुळं. मग बब्रुवान म्हणाला, “सगळं झ्याक हुतं. तेवढी बुडाची पापडी जरा चिवट लागली.”

गौतमराव म्हणाले, “ती पापडी नव्हती. खाली अंथरलेला कागद होता.”

सगळ्यांनी दातांवरून जीभ फिरवली. म्हणजे खाल्ला सगळ्यांनीच होता. आबा म्हणाले, “कागद बी स्वच्छ हुता.”

* * *

दुसऱ्या खेपेला चहाचं झालं.

तिथं खाण्याबरोबर चहाची किटली येते आणि बिनकानाचे छोटे पेले येतात. आबांनी पेल्यात ओतलं तर पिवळं पाणी. त्यांनी किटलीचं झाकण काढून आत बघितलं. वेटरला जवळ बोलावलं आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, “दूध संपलं का?”

“इस में दूध नहीं होता.”

आबांना वाटलं, बिचारा झाकतोय. दुधाचा तुटवडा त्यांनी स्वतःच्या गावात बघितला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “लाजायचं न्हाय. आमच्यात बी दुष्काळ हुता. रोजचं किती लिटर लागंल तेवढं सांगा, बाकी आमी बघतो.”

यांनी खिशातून पेन्सिल काढलीसुद्धा. सेक्रेटरी ना.

वेटरनं मालकाला आणलं. मालकानं समजावलं की हा चहा असाच असतो, हजारो वर्षं असाच पितात. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बब्रुवानला सांगितलं, “टेम्पोत डबीत थोडा खवा राहिलाय, घेऊन ये.” आणि सगळ्यांच्या देखत खव्याचा गोळा त्या किटलीत सोडला.

पुढं काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. बब्रुवान म्हणतो, मालकानं चाखून बघितलं. गौतमराव म्हणतात, मालक चाखून खाली बसला. हे या ठिकाणी विषय बदलतात. एवढं नक्की, की पुढच्या खेपेला चौघांच्या टेबलावर किटली आलीच नाही. पाणी आलं.

* * *

हॉटेल शोधायची आमच्या यांची पद्धत वेगळी. यांचा विश्वास विचारपूस करण्यावर.

एकदा नेहमीचं हॉटेल बंद होतं. यांनी चौकातल्या हवालदाराला गाठलं आणि विचारलं, “इथं चिनी लोक कुठं राहतात?”

हवालदारानं चौघांना खालून वर न्याहाळलं. आबा धोतर-टोपीत. बब्रुवानला डिझेलचा वास. गौतमरावांच्या खिशातून काचेची नळी डोकावत होती, कारण दुधातलं पाणी तपासायचा लॅक्टोमीटर ते कुणाच्या भरवशावर ठेवत नाहीत.

“कशाला पायजेत चिनी?”

हे गडबडले. गडबडले की हे खरं तेच पण भलत्या टोकाकडून सांगतात. म्हणाले, “आम्ही सोसायटीच्या कामानं आलोय.”

“कसली सोसायटी? आणि ही नळी कसली?”

“हिनं पाणी किती आहे ते कळतं,” गौतमराव म्हणाले.

हवालदार समुद्राकडं बघायला लागला. मग म्हणाला, “चला चौकीवर.”

चौकीत बाकावर बसवलं. नावं विचारली, गाव विचारलं. आबांनी ताठ मानेनं गाव, तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद असं सांगितलं, आणि हवालदाराची लेखणी थांबली.

“भूम? अवो, मी परंड्याचा की.”

मग विचारपूस उलटी फिरली. पाऊस किती झाला, हिरीला पाणी हाय का, कडबा कसा चाललाय. हवालदाराच्या बहिणीचं सासर आमच्या शेजारच्याच गावचं निघालं आणि तिची म्हैस आबांना तोंडओळखीची निघाली. हवालदार म्हणाला, “आधी सांगायचं न्हाय व्हय, पाव्हणं? चिनी बिनी काय करताव, चांगलं मटण दावतो.”

आबा म्हणाले, “मटण गावात बी हाय. आमाला वाफेचं पायजे.”

मग तो स्वतः घेऊन गेला, स्वतः बसला आणि चौघांनी मिळून खाल्लं नसेल एवढं एकट्यानं खाल्लं. हात धुतले, मिशी पुसली आणि म्हणाला, “चांगलं हाय. आता जेवायला कुठं जायचं?”

* * *

गौतमराव बाजू घेत नाहीत. आबांचं म्हणणं गोदीजवळच्या म्हाताऱ्यासारखं वाफेचं कुठंच नाही. बब्रुवानचं म्हणणं, जिथं बाहेर ट्रक जास्त उभे तिथंच खावं. यांना काचेच्या दाराचं, थंड हवेचं एक हॉटेल आवडलं होतं. गौतमरावांना विचारलं की ते म्हणत, “फॅट काढणाऱ्यानं म्हशीत भेद करू नये.”

त्यांच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. बब्रुवानला ते माहीत. एका हॉटेलात गल्ल्यावर एक पितळी मूर्ती होती, मोठं थोरलं पोट सोडून खदाखदा हसणारी. बब्रुवान म्हणाला, “गौतमराव, हे तुमच्यातले ना?”

गौतमरावांनी चष्मा सारखा करून मूर्ती नीट बघितली. “आमच्या घरातली मूर्ती डोळे मिटून शांत बसलेली असते. हे कुणीतरी लांबचे आहेत. पण माणूस जेवलेला दिसतोय, इथं बसायला हरकत नाही.”

त्याच हॉटेलात आबांनी खाता खाता विचारलं, “आत घातलंय तरी काय?” गौतमरावांनी कार्ड वाचलं. प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेला माणूस. त्यांना साधं कोळंबी म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “दहा पायांचा, कवच असलेला, पाण्यातला जीव. शास्त्रानं बघितलं तर विंचवाचा लांबचा भाऊबंद.”

बब्रुवाननं हातातलं खाली ठेवलं. यांनी तोंडातलं कुठं ठेवावं म्हणून इकडंतिकडं बघितलं. आबा चावत राहिले. सावकाश गिळलं. पाणी प्यायले.

“इंचवाच्या भावकीत हे एक चांगलं निघालं म्हणायचं. आणिक एक दुरडी सांगा.”

* * *

आता हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालेलं.

आत्याबाईंना या सगळ्या प्रकाराचा वीट आला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. इतकं चांगलं असतंय तर एकदा आणून दाखवा. आषाढातल्या त्या खेपेला, जिच्यात माझा नंबर लागला नाही, आबांनी खरंच आणलं. ओल्या फडक्यात बांधून, खव्याच्या टोपलीत घालून.

फडकं सोडलं तेव्हा आत एकच गोळा होता. कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं ते आणणाऱ्यांनाही सांगता येईना. आत्याबाईंनी पातेल्यावर चाळण ठेवली आणि तो गोळा परत वाफवला. मी वाटी घेऊन मागं उभी होते. म्हटलं, आपल्याला टोकाचं का होईना मिळेल.

आत्याबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. चौघं उंबऱ्यात उभे. आत्याबाई चावतायत, चावतायत.

“मीठ न्हाय ह्याला.”

“त्याला चटणी असती,” आबा म्हणाले. “ती बार्शीपाशी सांडली.”

“मंग तुमी एवढ्या लांब चटणी खायला जाताव म्हणा की.”

आणि त्यांनी चाळण उचलली ती थेट गोठ्यात नेऊन म्हशीपुढं पालथी केली. मी वाटी पदराआड घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमरावांनी आमच्या म्हशीचं फॅट काढलं आणि पुन्हा काढलं. कालच्यापेक्षा चांगलं वाढलं होतं. आबा नळी हातात घेऊन सगळ्या दूध घालणाऱ्यांना दाखवत होते. “बघा. जनावराला कदर हाय.”

आत्याबाई आतूनच म्हणाल्या, “मंग पुढच्या बारीला तिलाच न्या मुंबईला.”

आबा विचारात पडलेले दिसले. मला काळजी वाटायला लागली, म्हशीचा नंबर माझ्या आधी लागतो की काय.

* * *

पंचमीला मी माहेरी, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला होते, त्यामुळं त्या दिवसाचं भांडण माझं हुकलं. पण परत आल्यावर ते मला तीन जणांनी तीन तऱ्हेनं सांगितलं, म्हणजे भरपाई झाली.

नागपंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत. सगळं वाफेवर. पुरण भरून चौकोनी घड्या घातलेली दिंडं वाफवायची आणि वर तुपाची धार. आत्याबाईंच्या हातच्या दिंडांना भूमच्या बाजारापर्यंत नाव आहे. आबा पाटावर बसले, तीन दिंडं खाल्ली, चौथं हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, “हे बी वाफेचंच. पण मुंबईची पारी पातळ.”

हे म्हणाले, आईनं ताट हळूच मागं ओढलं. बब्रुवान म्हणाला, ताट आढ्याला लागून आलं. गौतमराव म्हणाले, “ताट हललं, एवढं मी बघितलं.”

त्यानंतर आबांना भाकरी आणि लाल चटणी मिळत होती. तक्रार करायची सोय नव्हती, कारण वाढलं तर वेळेवर जात होतं. मी आले त्या संध्याकाळी आबा शेवटी सोप्यात येऊन खांबाशी उभे राहिले. गौरीच्या सणाचा खवा निघायचा होता.

“तूच चल मुंबईला. खाऊन बघ आन् काय ते सांग. मी मानीन.”

आत्याबाई भाकरी थापत होत्या. “मला टेम्पोत मळमळतंय. सूनबाईला न्या.”

“ती बोलत न्हाय.”

“न्हाय बोलत. म्हंजे खोटं बी बोलत न्हाय. तुमी चौघं चार तऱ्हेनं सांगताव.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “पोरी, नीट खाऊन ये. माझ्या दिंडापरीस चांगलं हाय का न्हाय, एवढंच मला सांगायचं. ह्यांच्या म्होरं सांगायचं. तू म्हणशील ती पूर्वदिशा.”

मी मान हलवली. भाकरी उलटताना माझा हात भाजला, तो मला रात्री भांडी घासताना कळला.

* * *

टेम्पोत पुढं आबा आणि बब्रुवान. मागं खव्याच्या टोपल्या, गौतमराव, हे आणि मी. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो. मध्ये फक्त खव्याची एक टोपली. गौतमराव टेंभुर्णीपर्यंत पाठ करून बाहेरची शेतं बघत होते. त्यांना मान अवघडली असणार, पण ते वळले नाहीत. फार सभ्य माणूस.

खवा उतरला आणि वाद सुरू झाला. पहिल्यांदा कुठं न्यायचं? आबा म्हणाले गोदीपाशी. बब्रुवान म्हणाला ट्रकवाल्यांकडं. हे सरळ काचेच्या दाराकडं चालायला लागले. शेवटी ठरलं, तिन्हीकडं जायचं आणि निकाल मी द्यायचा.

गोदीजवळच्या हॉटेलात आम्ही या वेळी पुढच्या दारानं शिरलो, कारण बरोबर बाईमाणूस. आत गेल्यावर अडचण ध्यानात आली. सासऱ्यांसमोर सून कशी जेवणार? आबा लगेच म्हणाले, “सूनबाईला तिकडं निवांत बसू द्या.” त्यांच्या पाठीमागं भिंतीशी एक छोटं टेबल होतं. मी तिथं भिंतीकडं अर्धी वळून बसले. आबांनी वेटरला सांगितलं, “उस टेबल पे पहले.” वेटर हो म्हणाला आणि माझ्यापुढं चहाची किटली ठेवून गेला.

दुरड्या मोठ्या टेबलावर आल्या. झाकण उघडल्याचा आवाज आला, आल्याचा वास आला. आता ही दुरडी माझ्याकडं कुणी द्यायची? वडलांच्या देखत बायकोला खायला नेऊन द्यायचं म्हणजे यांना फाशी. आबांनी तर वेटरला सांगून ठेवलेलं. बब्रुवानला वाटलं, घरचे बघतील. गौतमरावांना वाटलं, घरच्यांच्यात आपण पडू नये. प्रत्येकाची खात्री होती की कुणीतरी दिलेलं आहे.

शेवटी माझ्यापुढं एक दुरडी आली. वेटरनं आणून ठेवली. मी पदर सावरला, झाकण उचललं. रिकामी. मोठ्या टेबलावर जागा नव्हती म्हणून तो रिकाम्या दुरड्या माझ्या टेबलावर आणून रचत होता. आणखी एक आली. तीही उघडून बघितली. मग तिसरी उघडली नाही.

बब्रुवान मागं वळला. माझ्यापुढची चळत बघून त्याचे डोळे मोठे झाले. “आबा, वैनीनं आपल्याला मागं टाकलं.”

आबा वळले नाहीत, पण त्यांच्या आवाजात समाधान होतं. “खाऊ दे. आपल्याला वाटलं लाजंल. बरं झालं.”

ट्रकवाल्यांच्या हॉटेलात मी बसले ती जागा दाराआडची होती. तिथं दुरड्या मोठ्या होत्या, त्यामुळं चळत लवकर उंच झाली. तिथला चहा जरा कडक होता. मी म्हटलं, आता काचेच्या दाराचं हॉटेल राहिलंय. ते यांचं. तिथं तरी येईल.

काचेच्या दाराच्या हॉटेलात गार वारा होता आणि माझ्या टेबलावर कागदाचं फूल होतं. बाकी व्यवस्था तीच. हे एकदा हात धुवायला उठले तेव्हा माझ्या जवळून गेले. माझ्यासमोरच्या दुरड्या बघितल्या, अगदी माझ्या खांद्याला येतील इतक्या, आणि असे हसले की लग्नाच्या फोटोतही हसलेले नाहीत. माझी बायको पोटभर जेवली, असं सगळं तोंडावर लिहिलेलं. त्या तोंडाला काय सांगणार? मी पण हसले.

उन्हं कलताना आम्ही टेम्पोपाशी आलो. रिकाम्या टोपल्या बांधून झाल्या. बब्रुवाननं इंजिन सुरू केलं आणि परत बंद केलं, कारण आबा चढेनात. ते रस्त्याच्या कडेला उभे होते. हे शेजारी. गौतमराव चष्मा पुसत होते. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आबांनी मला समोरासमोर हाक मारली.

“बोल पोरी. भिऊ नको. माझं नावडलं तर माझं नाव घे. आज आमच्या सगळ्यांपरीस जास्ती तूच खाल्लंस, म्हंजे हक्क बी तुझाच. कुठलं चांगलं?”

चौघं माझ्याकडं बघत होते. मी पदर सारखा केला आणि त्यांच्यापुढं पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

“दुरड्या तिन्हीकडच्या चांगल्या विणलेल्या हुत्या, आबा. आत काय हुतं तेवढं कुणीतरी मला सांगून ठेवा, घरी गेल्यावर आत्याबाई इचारतील.”